टोटल लागत नाही

"हा सात कसला?" अण्णांनी विचारलं.

लॅपटॉपवर आईचा फोटो होता. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर उंचीचा, फिकट गुलाबी, जरासा कललेला सात होता. त्याच्या अंगावर बारीक फुलं होती आणि कडेनं धावदोऱ्याचे टाके.

"असाच आहे, आजोबा," भाची म्हणाली. "डिझाइन एलिमेंट."

"असाच म्हणजे? सात वर्षं, सात माणसं, सात रुपये, काय?"

"काहीच नाही. नुसता सात."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. सात तिथेच होता.

अण्णांची उभी नोकरी बँकेत गेली. त्यातला मोठा काळ लेजरवर, संगणक यायच्या आधीचा. एकदा सात पैशांचा फरक येत होता म्हणून ते आणि आणखी दोघं रात्री साडेदहापर्यंत शाखेत बसले होते. आई सांगते, घरी आले ते वाघ मारून आल्यासारखे. आता तोच सात फुलाफुलांचा झगा घालून त्यांच्याच बायकोच्या खांद्याला रेलून उभा होता, आणि त्याचं खातं कुठलं हे कुणी सांगायला तयार नव्हतं.

झालं होतं असं की यंदा फेब्रुवारीत आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. माझी भाची बंगळुरूला असते. दिवसभर ती पडद्यावर डिझाइन करते आणि तो शीण घालवायला संध्याकाळी पडद्यावरच डिझाइन करते. तिनं दिवाळीत येऊन जाहीर केलं, "मामा, आजीचं डिजिटल स्क्रॅपबुक करायचं." मी हो म्हणालो. यात माझं काम फक्त हो म्हणण्याचं आहे, अशी माझी समजूत होती.

स्क्रॅपबुकला मराठीत चिकटवही असा झकास शब्द आहे. आमच्या लहानपणीच्या चिकटवहीत क्रिकेटपटू, काड्यापेटीवरची चित्रं आणि दुपारचा उरलेला भात एवढं साहित्य असे. भात चिकटवायला. पुढे त्या वहीला मुंग्या लागत आणि विकेटकीपर आधी जाई. ही डिंकाची कटकट जगभरची आहे. मार्क ट्वेन तर तिला इतका वैतागला की त्यानं १८७३ साली, आधीच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं. पान ओलं करा, कात्रण दाबा, झालं. वही चांगली खपली. आत त्यानं एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. विनोदी लेखकांनी यातून घ्यायचा तो बोध घ्यावा.

डिजिटल चिकटवहीत मुळात काही चिकटतच नाही. पान बारा इंच बाय बारा इंच, इंचाला तीनशे ठिपके, म्हणजे आडवे ३६०० आणि उभे ३६००. ("एक कोटी एकोणतीस लाख साठ हजार," अण्णा तोंडी म्हणाले. "सगळे वापरणार?") त्यावर खोटा कागद, कागदावर खोटी रिबन, रिबनीला खोटी टाचणी आणि टाचणीखाली खोटी सावली. सावली नीट पडली नाही तर टाचणी खोटी वाटते, असं भाचीनं मला जराही न हसता सांगितलं.

हे सामान 'किट' म्हणून तयार मिळतं. कागद, फुलं, बटणं, फ्रेमा. त्यात 'अल्फा' नावाचा एक प्रकार असतो: अक्षरांचा संच, पण फॉन्ट नव्हे, एकेका अक्षराचं सुटं चित्र. लाकडी अक्षरं, लोकरीची अक्षरं, बिस्किटाची अक्षरं. पार्श्वभूमी पारदर्शक असल्यामुळे कुठेही नेऊन ठेवा, पांढरा चौकोन मागे लागत नाही. ए ते झेड सगळी हजर. आकडे मात्र पुष्कळदा नसतातच. मग लोक 'ओ'ला शून्य म्हणून उभं करतात आणि 'आय'ला एक म्हणून, आणि दोनाची वेळ आली की गप्प बसतात. भाचीच्या किटमध्ये आकडे होते, पण इंग्रजी. तो गुलाबी सातही इंग्रजी वळणाचाच. देवनागरी आकड्यांचा फुलाफुलांचा संच कुठे मिळतो का, हे शोधण्यात तिची एक रात्र गेली आणि आमच्या घरचं वायफाय.

तर अण्णांनी त्या सातावर हरकत घेतली आणि ती मागे घेईनात. शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. वहीत आकडे टाकायला त्यांची ना नव्हती, पण प्रत्येक आकड्यामागे व्हाउचर पाहिजे.

"आजोबा, एलिमेंटला व्हाउचर कुठून आणू?"

आई शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "सात घरं बदलली मी यांच्या बदल्यांपायी. तो सात माझा."

अण्णांनी ताबडतोब तपासणी सुरू केली. आईनं पेरांवर मोजून दाखवलं. सातारा, पंढरपूर, मिरज एक, मिरज दोन. मिरजेची एन्ट्री दोनदा का, असा आक्षेप आला. पहिल्या घरात ढेकूण होते म्हणून, असा खुलासा झाला. जळगाव, पुणे भाड्याचं, पुणे स्वतःचं. सात. सात मंजूर. गुलाबी झग्यासकट.

मला इथे एक कबुली द्यायची आहे. तोवर मी भाचीच्या बाजूचा होतो. आकडा आकारानं छान असेल तर असू दे की, असं माझं पुरोगामी मत होतं. पण त्या सातामागे सात घरं येऊन उभी राहिली, मिरजेच्या ढेकणांसकट, आणि नुसता सात मला एकदम बिनमिठाचा वाटू लागला. हे मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वर्षभर पुरेल.

पुढचा तंटा तीनाचा. स्क्रॅपबुकवाल्यांचा एक लाडका नियम आहे की पानावरच्या वस्तू विषम संख्येत मांडाव्यात, शक्यतो तीन. तीन बटणं, तीन फुलं, तीन टाचण्या; नजर त्रिकोणात फिरते. भाचीनं आईच्या माहेरच्या पानावर तिन्हीचं त्रिकूट केलं. ते माझ्या बायकोनं पाहिलं. "शुभकार्याच्या वहीत तीन तीन? तीन तिघाडा आणि काम बिघाडा." आमच्याकडे ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत, एक वाढतात, दोन वाढतात आणि तिसरी अर्धी करून वाढतात. भाचीनं नजरेच्या त्रिकोणावर दहा मिनिटं समजावलं. मग एक अर्धं बटण जास्तीचं ठेवण्यात आलं. पडद्यावर सगळंच खोटं असल्याचा हा एक फायदा. बटण अर्धं करायला कात्री लागली नाही.

पण खरी गंमत झाली ती मुखपृष्ठावर.

मुखपृष्ठावर एक मोठा आकडा हवा यावर एकमत होतं. कोणता, यावर नव्हतं. आई म्हणाली ऐंशी, कारण एक्याऐंशी अजून पूर्ण व्हायची होती. बायको म्हणाली एक्याऐंशी, कारण एक्याऐंशीवं चालू होतं. अण्णांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. हजार चंद्र म्हणजे २९,५३० दिवस. त्याला ३६५.२५ नं भाग दिला की ८०.८५, म्हणजे ऐंशी वर्षं आणि दहा महिने. "म्हणून फेब्रुवारी," ते म्हणाले. "भटजींनी पंचांग उघडायच्या आधी मी सांगितलं होतं."

ऐंशी वर्षं दहा महिने हे मुखपृष्ठावर लिहायचं म्हणजे तुरुंगवासाच्या शिक्षेसारखं दिसतं. भाचीनं मग आकडा ठरवला तो १०००. त्यातही तिची युक्ती अशी की तिन्ही शून्यांच्या जागी पौर्णिमेच्या चंद्राचे फोटो. एक लिहायचा जरीच्या काठाचा, आईच्या शालूतून कापून, आणि पुढे तीन चंद्र. खरं सांगतो, पान असं उजळलं की मलाही दोन क्षण बोलता आलं नाही.

अण्णांना आलं. "चंद्र तीन आणि म्हणायचं हजार?"

"शून्य आहेत ते, आजोबा."

"शून्य म्हणजे काही नाही. चंद्र म्हणजे काहीतरी. एकाच जागी दोन्ही कसं?"

हा प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा एक शिलालेख आहे. त्यात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप आहे, २७० हात, आणि त्यातलं शून्य चांगलं वाटोळं कोरलेलं आहे. ज्यानं ते कोरलं त्यालाही 'काही नाही' दाखवायला काहीतरी काढावंच लागलं. वाटोळ्याइतकं सोपं आणि देखणं दुसरं काय सुचणार? मी हे सगळं अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "जमिनीचं माप होतं ना? मग व्हाउचर होतं त्याला."

एवढ्यावर भागलं असतं. पण आईनं शांतपणे नवी कलागत काढली. "हजार कुठले? पावसाळ्यात कुठे दिसतो चंद्र?"

अण्णा चमकले. सहस्रचंद्र*दर्शन*. दर्शन झालं पाहिजे. वर्षाला पावसाळ्याच्या चार पौर्णिमा धरल्या तरी ऐंशी वर्षांच्या ३२०. हजारातून वजा जाता ६८०. त्यातून पुन्हा आई म्हणाली की पोरं लहान होती तेव्हा ती नवालाच झोपून जायची, तेव्हाचेही काढा. आकडा भराभर खाली येऊ लागला. भाचीचा चेहरा बघवेना. अखेर बायको म्हणाली की कोजागिरीला आपण चंद्र दुधात पाहतो, म्हणजे एकाच रात्री वर एक आणि पातेल्यात एक, त्यात वाटीवाटीत एकेक. तो हिशेब जमेला धरा. अण्णांनी तो धरला. वाट्या किती होत्या याची नोंद कुणाकडेच नसल्यामुळे शेवटी पौर्णिमांची टोटल 'अंदाजे' म्हणून पास झाली. अण्णांच्या आयुष्यातला हा पहिला 'अंदाजे' असावा.

याच सुमारास मला नाणेघाट आठवला, कारण वहीत आमचा नाणेघाटातला एक फोटो होता. जुन्नरच्या वर, घाटाच्या तोंडाशी ती सातवाहनांची गुहा आहे. भिंतीवर ब्राह्मी लिपीत नागनिका राणीच्या काळच्या यज्ञांमधल्या दक्षिणेचा तपशील कोरलेला आहे: १७०० गायी, १० हत्ती, पुढे ११,००० गायी, १००० घोडे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही कुणाच्या तरी घरची स्मरणिका, आणि तीत जागोजाग आकडे. फोटोत मी त्या भिंतीपुढे पोट आत घेऊन उभा आहे. त्या आकड्यांत शून्य नाही. शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं चिन्ह. हजार लिहायचे तर एकच खूण काढायची. म्हणजे नागनिका राणीचं सहस्रचंद्रदर्शन असतं तर तिच्या भाचीला चंद्र टांगायला जागाच मिळाली नसती. अण्णांनी फोटो मोठा करून भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. "खाली टोटल मारलेली दिसत नाही," ते म्हणाले.

मुखपृष्ठ सुटलं, पण आतल्या पानांना मराठी आकडे हवेच होते. भाची म्हणाली, विकत मिळत नाहीत तर घरातले गोळा करू. फोटो काढायचे, भोवतालचं कापून टाकायचं, आपला अल्फा आपणच करायचा. इथून पुढचा आठवडा आमचं घर आकडे शोधत होतं. इतक्या वर्षांत मी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते आकडे भिंतीभिंतींतून बाहेर आले.

आईनं जुनी कालनिर्णयं ठेवलेली आहेत. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं, आणि माझाही जन्म त्याच सालचा; त्यामुळे आमच्या घरात दोघंही एकदमच भिंतीला लागलो. तारखांचे ते ठसठशीत आकडे भाचीनं अधाशासारखे स्कॅन केले. पण तिला त्याहून आवडलं ते चौकोनांत पेन्सिलीनं लिहिलेलं. 'गॅस लावला.' 'धुणं आलं नाही.' आणि रोज दुधापुढे: १॥, १॥।, १।.

"आजी, काय भारी स्ट्रोक्स आहेत हे! डेकोरेशन म्हणून काढायचीस?"

"डेकोरेशन कसलं? दीड लिटर. हे पावणेदोन. हे सव्वा, तुझे मामा गावाला गेले तेव्हाचे."

एक काठी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ज्या पिढीनं असा हिशेब लिहिला ती संपत आली आणि त्या काठ्या डिझाइनमध्ये निघाल्या. भाचीनं त्या उभ्या काठ्यांची अख्ख्या पानाला किनार केली. अण्णांनी किनारीतलं दूध मोजलं. साडेअठ्ठावीस लिटर भरलं.

मैलाचे दगड झाले, एसटी स्टँडचे फलाट झाले. मुंबईच्या आतेभावाकडून बेस्टच्या बसच्या कपाळावरचे नंबर मागवले; त्यानं चालत्या बसचे फोटो काढल्यामुळे त्याचे सगळे तीन आणि आठ पळताना आले, आणि भाचीनं ते 'मोशन' म्हणून जसेच्या तसे घेतले. जमवल्यावर लक्षात आलं की आपल्या आकड्यांतही घराणी आहेत. ५, ८ आणि ९ दोन-दोन वळणांत लिहिले जातात. आईचा ९ आणि अण्णांचा ९ शेजारी ठेवले तर एकमेकांना ओळख देणार नाहीत. संगणकानं मात्र सगळ्यांना रांगेत उभं केलेलं आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक ०९६६, आणि तिथून पुढे सगळे ओळीनं. आकड्यालाही नंबर आहे हे ऐकून अण्णांना फार समाधान वाटलं.

आपल्याकडे आकड्यांचं डिझाइन नाही असं मात्र कुणी समजू नये. रस्त्यावर जाऊन बघा. मोटारसायकलवर ४१४१ नंबर असेल तर तो 'दादा' असा वाचायला लावतात, २१४ चा 'राम' होतो आणि ८०५५ चा इंग्रजीतला 'बॉस'. ज्या पेंटरनं हे पहिल्यांदा केलं त्याला कुठल्याही कलाशाळेत मानानं बोलवायला हवं. त्याऐवजी पोलीस दंड करतात.

भाचीनं अण्णांचं मन वळवायला एकदा मोठ्या लोकांचा दाखलाही दिला. अमेरिकन चित्रकार चार्ल्स डेमथ यानं १९२८ साली सोनेरी पाचाचं चित्र काढलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते आहे. लाल रंगावर पाच, त्यावर मोठा पाच, त्यावर आणखी मोठा पाच, अंगावर येणारा. अण्णांनी पाहिलं. "पाचशे पंचावन्न?"

"नाही आजोबा, एकच पाच, जवळ येतोय."

"कशाचा पाच?"

"आगीच्या बंबाचा नंबर. त्याच्या कवी मित्रानं रात्री रस्त्यात तो बंब पाहिला होता."

"बघ," अण्णा माझ्याकडे वळले. "त्यालाही व्हाउचर आहे."

फॉन्टच्या भानगडीत मी तुम्हाला फार नेत नाही. इंग्रजी तारखांसाठी भाचीनं जॉर्जिया लावला. मॅथ्यू कार्टरचा हा फॉन्ट १९९६ साली आला. त्यात ३, ४, ५, ७, ९ ओळीखाली पाय सोडून बसतात आणि ६ नि ८ डोकं वर काढतात. गद्यात तसे आकडे सुंदरच दिसतात. अण्णांना ते बँकेच्या लंच टायमातल्या स्टाफसारखे दिसले. त्यांना हवे होते सारख्या उंचीचे, सारख्या रुंदीचे, एकाखाली एक नेमके जुळणारे. तसेही आकडे फॉन्टमध्ये असतात, खास कोष्टकांसाठी. त्यांच्या पेन्शनच्या पानाला ते लावले आणि एवढ्या सगळ्या वहीत तेच एक पान त्यांनी "कलात्मक" म्हटलं.

सापडलेल्या आकड्यांपैकी दोनांची गोष्ट सांगायला हवी.

माळ्यावरच्या ट्रंकेत एक निळा ४ निघाला. एनॅमलची जुनी पाटी, निळ्यावर पांढरा ४, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. घराच्या दारावरची असावी. पण सात घरांपैकी एकाचाही नंबर चार नव्हता. मिरजेच्या ढेकणांच्या घराचा एकवीस होता, अण्णांना पाठ आहे. आईच्या माहेरचाही नव्हे. आकडा इतका देखणा की भाचीनं तो पान बाविसावर भलामोठा लावला. व्हाउचर नव्हतं. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि बँकेत बेवारस रकमेचं जे करतात ते केलं. चार सस्पेन्स खात्यात टाकला.

दुसरा म्हणजे लग्नाच्या पानावरचा. लग्नपत्रिकेवर फक्त शके होता, १८८५. भाचीनं पहिल्यांदा तोच मागे फिक्या रंगात पसरला. व्हॉट्सअॅपवर पान पाठवल्याबरोबर नाशिकच्या मावशीचा फोन, की तुझ्या आईवडिलांचं लग्न काँग्रेसच्या स्थापनेच्या वर्षी लावलंस का रे? मग सन हवा म्हणून शोधताना आईनं फडताळातून पितळी पिंप काढलं. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात तसं त्यावर ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव कोरलेलं होतं आणि खाली 'मे ६३'.

त्या ६३ वर भाचीचा जीव जडला, आणि का ते बघा. देवनागरी ६ आणि ३ हे एकमेकांची आरशातली रूपं. ६३ लिहिलं की दोघं समोरासमोर तोंड करून बसतात. ३६ लिहिलं की पाठीला पाठ. 'छत्तीसचा आकडा' हा वाक्प्रचार म्हणजे कुणीतरी अक्षरं नीट निरखून केलेली नोंद आहे. इंग्रजी आकड्यांत तो कळतच नाही. तिथे तीन आणि सहा भाडेकरूंसारखे शेजारी उभे असतात, ना प्रेम ना भांडण. भाचीनं पितळेचे ते ठिपक्यांचे आकडे कापले, प्रत्येकाचा वेगळा लेअर केला, सहाच्या पोकळीत आईचा लग्नातला फोटो ठेवला आणि तीनाच्या पोकळीत अण्णांचा. दोघं एकमेकांकडे बघतायत. अण्णा टोपीत आहेत. या पानाला अण्णांनीही हरकत घेतली नाही. फक्त "पिंप सव्वा मण पाण्याचं होतं" असं म्हणाले.

भाची बंगळुरूला परत गेली आणि जाताना मला एकच काम सांगून गेली. छापायला पाठवण्याआधी लग्नाच्या पानावरचा सहा, फोटोसकट, किंचित उजवीकडे सरकवायचा. किंचित. मी तो रात्री अकरा वाजता सरकवला. सरकवताना फोन वाजला. एवढंच मला आठवतं.

बारा प्रती छापून आल्या. कार्यक्रमाच्या दिवशी, ऐंशी दिव्यांनी आईला ओवाळून झाल्यावर वह्या वाटल्या, आणि मागच्या रांगेतून नाशिकच्या मावशीचं हसू फुटलं ते थांबेना. मी पान उघडलं. सहा तीनाला ओलांडून पलीकडे गेला होता. पानभर पितळी ३६ झळकत होते. आई अण्णांकडे तोंड करून बसायची ती आता उजव्या काठाकडे बघत होती, अण्णा डाव्या काठाकडे, आणि मधे दोघांच्या पाठी टेकलेल्या.

मी आईपुढे जाऊन उभा राहिलो. तिनं वही दूर धरून, जवळ धरून पाहिली.

"बासष्ट वर्षांनी का होईना," ती म्हणाली, "खरं छापलं कुणीतरी."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी आपली प्रत घरी आणली आणि पुढचे चार दिवस जेवणाव्यतिरिक्त ते खोलीतून बाहेर आले नाहीत. पाचव्या दिवशी वही माझ्या टेबलावर होती. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रत्येक आकड्याला हिरव्या शाईची बारीक बरोबरची खूण. सात घरांना खूण, साडेअठ्ठावीस लिटर दुधाला खूण, तीन चंद्रांना मिळून एक खूण. लग्नाच्या पानावर ३६ ला खूण. शेवटच्या पानावर सही आणि तारीख.

पान बाविसावरचा निळा ४ तेवढा सुटला आहे. त्याच्याशेजारी पेन्सिलीनं 'सस्पेन्स' लिहिलं आहे. सातारा, पंढरपूर, मिरज, जळगाव किंवा पुणे इथे कुणाच्या दारावरची चार नंबरची निळी पाटी, वरच्या डाव्या कोपऱ्याला टवका उडालेली, पूर्वी कधी हरवली असेल तर त्यांनी कृपया कळवावं. अण्णा ३१ मार्चपर्यंत थांबायला तयार आहेत.